सगुणा आमच्याकडे आहे

नावांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. मी पाट्या रंगवतो. दवाखान्यांच्या, वकिलांच्या, बंगल्यांच्या, टायरवाल्यांच्या. इतकी नावं माझ्या कुंचल्याखालून गेलीत की कुठलं नाव भिंतीवर शोभतं, कुठलं उन्हात विटतं आणि कुठलं फाटकावर मावत नाही, हे मला लांबूनच कळतं. त्यामुळे आमच्या मुलीचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मी बायकोला म्हटलं, "तू निश्चिंत राहा. हा माझा धंदाच आहे."

"म्हणूनच धास्ती वाटते," बायको म्हणाली.

मुलगी दोन महिन्यांची होत आली तरी बिननावाचीच होती. नातेवाइकांनी सुचवलेलं एक नाव खोकल्याच्या औषधासारखं होतं, दुसरं नव्या स्कूटरसारखं. तिसरं नाव उच्चारलं की समोरच्याच्या चष्म्यावर तुषार उडायचे. शेवटी एका टायरच्या दुकानापुढे शिडीवर उभा असताना मला नाव सुचलं. कुठून आलं, सांगता येणार नाही. डोक्यात कुठेतरी पडून असल्यासारखं होतं आणि एकदम वर आलं. सगुणा!

काय नाव आहे! उच्चारलं की उन्हात वाळलेल्या चादरींचा वास येतो. खिडकीशी एक आरामखुर्ची दिसते, आणि एक कुणीतरी दिसते, जी कधीच आवाज न चढवता सगळं घर चालवते. शिवाय पाटीवर बघाल तर दृष्ट लागेल. मधल्या गला खाली उकार, शेवटच्या णाला काना, कुठे गर्दी नाही, कुठे ओढाताण नाही.

शेजारच्या सुताराला मी मत विचारलं. त्याने रंधा थांबवला. "माझ्या गणिताच्या बाई होत्या या नावाच्या. पट्टी आडवी नाही, उभी मारायच्या," असं म्हणून तो स्वतःच्याच बोटांकडे बघत बसला. मी ते मनावर घेतलं नाही. त्याच्याकडून एक गुळगुळीत फळी घेतली, निळ्या रंगात नाव रंगवलं, कडेने बारीक वेलबुट्टी काढली आणि संध्याकाळी घरी येऊन थेट पाळण्याच्या दांडीला टांगली. आधी चर्चा केली की नावं बिघडतात. पाटी लागली की माणसं सवय करून घेतात, हा माझा अनुभव.

बायकोने पाटी वाचली. "सगुणा? अरे, सगुणा म्हटलं की मला गुडघ्याला बाम लावलेली बाई दिसते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सुनेने साखर किती संपवली ते डबा हलवून ओळखणारी."

"ते तुझ्या डोक्यात आहे. नावात नाही."

"शाळेत सगळ्या मुलींमध्ये ही एकटीच जन्मतःच रिटायर झालेली वाटेल."

मी उत्तर देणार, तेवढ्यात बाबा चहाचा कप घेऊन नातीला बघायला आले. बाबा म्हणजे शांत माणूस. सगळी नोकरी कारखान्यात बॉयलरपाशी केली, तिथेही कधी तापले नाहीत. त्यांनी चष्मा सावरला, पाटी वाचली, आणि कपातला चहा बशीत, बशीतला पायजम्यावर आला. चहा चांगला कडकडीत होता. बाबांना पत्ताच नव्हता.

"हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"मला सुचलं. का?"

"काही नाही. चांगलं आहे," ते म्हणाले आणि कप तिथेच ठेवून गॅलरीत गेले.

दाराशी आई दुपटी घडी करत उभी होती. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हातून चहा सांडलेला तिने पाहिला नव्हता. ती बाबांच्या मागोमाग गेली. "तुम्हाला घाम का फुटलाय?"

"उकडतंय."

"शाल पांघरून उकडतंय?"

बाबांनी शाल काढून ठेवली. आई स्वयंपाकघरात गेल्याची खात्री करून त्यांनी मला खुणेने जिन्यात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"ती पाटी काढ. दुसरं कुठलंही नाव ठेव. ते औषधाचं ठेव."

"पण झालं काय?"

"विचारू नकोस. फक्त ही गोष्ट तुझ्या आईच्या कानावर जाता कामा नये."

लोटलेलं दार उघडलं. आईच्या हातात पिळलेली दुपटी होती, आणि ती ज्या प्रकारे पिळलेली होती ते पाहून बाबा दोन पायऱ्या खाली उतरले.

"कुठली सगुणा?" आईने विचारलं. "तुमची ती मामेबहीण?"

"हो. म्हणजे, तीच."

"मग तुमच्या मामेबहिणीत माझ्या कानावर येऊ नये असं काय आहे?"

बाबांनी जिन्याच्या कठड्याचा रंग नखाने खरवडायला सुरुवात केली. बाबांना सगुणा नावाची मामेबहीण आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो.

आई सावकाश बोलायला लागली. ती सावकाश बोलते तेव्हा समजावं. "चाळीस वर्षांत एका लग्नाला आली नाही. कुणाच्या आजारपणात नाही, मयताला नाही. तुमच्या मामांना मी ओळखते, त्यांच्या घरी राहिलेय. त्यांच्या भिंतीवर कुत्र्याचासुद्धा फोटो आहे, पण या मुलीचा नाही. मी खुळी, कधी विचारलंही नाही. मामेबहीण अशी असते का हो?"

आई आत गेली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी घरात आई फक्त नातीशी बोलत होती. "तुझ्या आजोबांना म्हणावं, भाजी टेबलावर आहे." नात हूं हूं करायची आणि बाबा मुकाट्याने जेवायचे. संध्याकाळी आईने कपाटावरची बॅग खाली काढून पुसली. कुठे निघालीस, असं बायकोने विचारलं तर म्हणाली, "अजून ठरवलं नाही. बॅगेवर धूळ होती." मग मात्र माझं धाबं दणाणलं.

मी म्हटलं, आता हे आपणच निस्तरायचं. आई जगात एकाच माणसाचं ऐकते, तो म्हणजे तिचा मोठा भाऊ. आमचा मामा दातांचा डॉक्टर. आता दवाखाना बंद केलाय, पण लग्नाला गेला तरी आधी नवरीचे दात बघतो. मुलगी झाल्याचं त्याला कळवलं होतं, पण पाय मुरगळल्यामुळे त्याचं येणं राहून गेलं होतं. मी सकाळी दुकानातून त्याला फोन लावला. आमच्या दुकानासमोर रस्ता खोदत होते, आणि मामाला जरा कमी ऐकू येतं. तरी मी मुद्द्याचं तेवढं नीट बोललो.

"मामा, घरात फार वाजलंय. सगुणेवरून."



"सगुणा?" मामा म्हणाला. "कुठे आहे सगुणा?"

"कुठे म्हणजे? आमच्याकडेच. आत्ता झोपली असेल."

"तुमच्याकडे आहे," मामा पुटपुटला. "कशी आहे रे?"

बापाला असं विचारल्यावर बाप काय सांगणार? "एकदम गोड. डोक्यावर केस फारसे नाहीत, तोंडात दात नाहीत, पण हसली की घर उजळतं."

"हसते अजून?"

"आता आता हसायला लागलीय. आधी नुसती रडायची. रात्र रात्र."

"रडायची," मामाचा आवाज दाटून आला. मी मनात म्हटलं, वय झालं की माणूस हळवा होतो. "माझ्याबद्दल काही... मला ओळखेल का रे ती?"

"मामा, तिला अजून कुणाचीच ओळख पटत नाही. माझ्याकडेसुद्धा परक्यासारखं बघते. तुम्ही या तर खरं. आलात की तुमच्या मांडीवरच देतो."

खोदकामाचा आवाज मध्ये आला. मग मामा ठामपणे म्हणाला, "दातांची काळजी करू नका. दातांचं मी बघतो. निघालोच."

मी फोन ठेवला आणि सुताराला म्हटलं, "बघ, घरातली माणसं सांभाळायला असं डोकं लागतं."

दुपारी मी घरी पोचलो आणि पाठोपाठ मामा आला. मी त्याला ओळखलंच नाही. कोट, टाय, केसांना काळाभोर कलप, तोही इतका ताजा की कानाच्या पाळीवर एक ठिपका ओला होता. एका हातात फुलं. दुसऱ्या हातात त्याची जुनी चामडी बॅग, कवळीची मापं घ्यायचं सगळं साहित्य असलेली. पाय मुरगळलेला असूनही तो लंगडत नव्हता. त्याच्या मागे मामी. मामीच्या हातात फक्त पर्स होती, पण तिने ती ढालीसारखी धरली होती.

"कुठे आहे?" मामाने हळूच विचारलं.

"आतल्या खोलीत. या ना."

"थांब," मामी म्हणाली. "आधी मी बघते. आमच्या लग्नाच्या आधीपासून मला त्या बाईला बघायचं आहे."

बाई? मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे. तोवर मामा पुढे निघाला होता. खोलीच्या दारात त्याने टाय सरळ केला. आत गेला, पाटी वाचली, आणि पाटीखाली बघितलं. आमची मुलगी जागी होती, स्वतःची मूठ तोंडात कोंबायचा प्रयत्न करत होती.

मामा आणखी खाली वाकला. "ही?" तो म्हणाला.

"ही. दात नाहीत, सांगितलं होतं ना."

मामा पाळण्याशेजारच्या खुर्चीत बसला. बॅग मांडीवर, बॅगेवर फुलं. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या पेशंटसारखा दिसत होता. मग मामीनेच सांगितलं.

"तरुणपणी यांची एक सगुणा होती. एकदाच पाहिली होती म्हणे, पण चाळीस वर्षं पुरली. चहात साखर जास्त झाली की सगुणेला बरोब्बर कळलं असतं. मी नवा पडदा शिवला की सगुणेने असला रंग घेतला नसता. भांडण कुठूनही सुरू होवो, सगुणेपाशी येऊन थांबायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू लहानपणी सुट्टीला आमच्याकडे यायचास ना? रोज ऐकलं असशील. तुझ्या डोक्यात ते नाव तिथूनच गेलं."

म्हणजे मला शिडीवर सुचलेलं, चादरींचा वास असलेलं ते नाव मामाच्या भांडणांतून आलं होतं. मी शिडीचा विषय कुणापाशी काढला नाही.

आई आता दारात येऊन उभी होती. "दादा, ती सगुणा तुला कुणी दाखवली होती, सांग यांना सगळ्यांना. यांनीच ना? यांचीच मामेबहीण ना? तुला झुलवत ठेवलं आणि एक दिवस सांगितलं, लग्न होऊन परदेशी गेली. आता यांना विचार, ती खरी कोण होती. माझ्या कानावर जाऊ नये अशी कोण होती."

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा खोलीच्या कोपऱ्यात, कपाट आणि भिंत यांच्या मध्ये शिरायचा प्रयत्न करत होते. मामा खुर्चीतून उठला. "भाऊजी, मी फार वर्षं गप्प बसलो. आता खरं सांगा. तुमचं आणि तिचं काही होतं का?"

"होतं म्हणजे," बाबा म्हणाले, "फार जवळचं होतं."

आईने डोळे मिटले.

"डॉक्टर, सगुणा मीच होतो."

पाळण्यातून मूठ चोखल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग बाबांनी सगळं सांगितलं. कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात नाटक होतं. नायिकेचं काम करायला एकही बाई तयार नव्हती. बाबा तेव्हा काडीसारखे होते, मिशी नव्हती, आणि आवाज बारीक निघायचा. झालं, त्यांना टोप घालून उभं केलं. मामा त्या काळात कामगारांचे दात तपासायला नुकताच तिथे येऊ लागला होता. तो नाटकाला उशिरा आला, त्यामुळे सुरुवातीला कलाकारांची ओळख करून दिली ती त्याने ऐकलीच नाही. नाटक संपल्यावर रंग धुतलेले बाबा पाण्याच्या पंपापाशी उभे होते. मामाने त्यांनाच गाठलं आणि विचारलं, ती नायिका कोण?

"मी गंमत म्हणून सांगितलं, माझी मामेबहीण, सगुणा. उद्या खरं सांगेन म्हटलं."

"मग का नाही सांगितलं?" मामाने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घरी चहाला बोलावलंत. आणि दार," बाबांनी आईकडे न बघता बोट दाखवलं, "दार हिने उघडलं."

आईने डोळे उघडले.

"खरं सांगितलं असतं तर परत चहाला कुणी बोलावलं असतं? म्हणून मग मी दर आठवड्याला सगुणेचा काहीतरी निरोप आणायचो. तिला पिवळा रंग आवडतो. तिने तुमची चौकशी केली. निरोप डॉक्टरांना द्यायचा, आणि चहा हिच्या हातचा प्यायचा. आमचं लग्न ठरलं तेव्हा सगुणेचंही उरकून टाकलं. लांब दिलं, म्हणजे कुणी भेटायला जाणार नाही."

"शक्य नाही," मामा म्हणाला. "तिसऱ्या अंकात तिने माझ्याकडे बघितलं होतं. सबंध हॉलमध्ये फक्त माझ्याकडे."

"चष्मा काढून ठेवायला लावला होता हो. मला पहिली रांगसुद्धा दिसत नव्हती."

"मी दिलेला तो भरतकामाचा रुमाल?"

"फार टिकाऊ निघाला," बाबा अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "बॉयलरपाशी घाम पुसायला."

मामा मानेनेच नाही नाही म्हणत राहिला. तेव्हा बाबांनी पाळण्याच्या दांडीवरचं पिवळं दुपटं उचललं, डोक्यावरून घेतलं, मान जराशी कलती केली आणि बारीक आवाजात म्हणाले, "अंधार पडायच्या आत परत या हं. मी दिवा लावून बसते."

डोक्यावर दुपटं, खाली पांढरी झुबकेदार मिशी, आणि तो आवाज! इतक्या हळुवारपणे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मामा मटकन खुर्चीत बसला. बाबांनी दुपटं काढलं. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, बॅग उचलेल आणि या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. आईलाही तेच वाटलं असावं, कारण ती मामाकडे जायला निघाली. पण त्याआधी खोलीत एक विचित्र आवाज झाला. मामी! तिने पर्स तोंडावर दाबून धरली होती आणि तिचे खांदे गदगदत होते. आधी आम्हाला वाटलं रडतेय.

"यांच्याशी?" ती म्हणाली. तिला धड बोलताही येईना. "चाळीस वर्षं मी यांच्याशी बरोबरी करत होते? भावोजी, तुम्हाला तरी माझा पडदा आवडला होता का?"

"छान होता," बाबा म्हणाले. "मी तेव्हाही म्हटलं होतं."

मग मात्र मामी पलंगावरच बसली आणि हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसलं तरी थांबेना. बायकोने तिला पाणी आणून दिलं. आई बाबांकडे बघत होती. ती आता रागावली होती की काय, ते मला कळेना.

"म्हणजे दर आठवड्याला तुम्ही माझ्यासाठी यायचात?" तिने विचारलं.

"चहा पण चांगला असायचा," बाबा म्हणाले. या माणसाला कुठे थांबावं हे कधीच कळलं नाही. पण आई वळून गॅसकडे गेली आणि आम्हाला भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

राहिला मामा. तो फुलांकडे बघत बसला होता. मी फोनवर कबूल केलं होतं, म्हणून मुलीला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. दुसरं काय करणार? तिने त्याच्याकडे एकटक बघितलं. त्याने सवयीने तिच्या हिरडीवरून बोट फिरवलं. ती हसली, आणि त्याच्या कोटावर, टायवर आणि थोडं फुलांवर दूध ओकली.

"हिने तरी चष्म्याशिवाय माझ्याकडे बघितलं," मामा म्हणाला. मग बाबांकडे न बघताच त्यांना म्हणाला, "भाऊजी, एखादा सदरा द्या."

बाबा धावतच कपाटाकडे गेले.

नावाचा प्रश्न उरलाच होता. मी पाटी काढायला हात वर केला, तर मामी म्हणाली, "राहू दे ती. ज्या नावाने मला इतकी वर्षं टोचलं, ते आता रोज अंथरुणात शू करणार आहे. मला चालेल." आई काही बोलली नाही, बाबांना बोलायची सोय नव्हती. बायकोने एकवार मामीकडे आणि एकवार पाळण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे. पण साखरेचा डबा मी वरच्या फळीवर ठेवणार."

संध्याकाळी मामा-मामीला रिक्षात बसवून मी आणि बाबा परत येत होतो. मामाच्या अंगात बाबांचा सदरा होता, बाह्या अपुऱ्या. निघताना त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता, जरा वेळाने का होईना. मला सहज आठवण झाली म्हणून मी विचारलं, "बाबा, पण त्या वेळी तुम्हाला सगुणा हेच नाव कसं सुचलं? इतकं सुरेख, जुनं?"

"सुचलं कुठलं," बाबा म्हणाले. "पंपाच्या कट्ट्यावर डिंकाची बाटली होती, मिशा चिकटवायची. सगुणा छाप."

"निदान डिंक तरी चांगला होता का?"

"कसला चांगला! दुसऱ्या अंकात इन्स्पेक्टरची मिशी माझ्या गालावर आली."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, या नावाला काही अर्थ तरी आहे का? मी सांगितलं, आहे ना, चांगल्या गुणांची. तेवढंच सांगितलं.